संत्रं, मोसंबी आणि वाघ: डीएनएवरून नातं कसं ठरतं?

काटोलच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी प्रश्न विचारला आहे. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए ९८ टक्क्यांहून जास्त जुळतो, म्हणून ते एकमेकांचे जवळचे, असं त्यांनी वर्गात सांगितलं. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "मग टक्केवारी काढली की झालं, वंशवृक्ष कशाला काढायचा?" दुसऱ्या विद्यार्थ्याने मोबाइलवर लिंबूवर्गीय फळांचे दोन वंशवृक्ष दाखवले. एकात मोसंबी संत्र्याच्या शेजारी होती, दुसऱ्यात पपनसाच्या. यातला खरा कोणता, असा सरांचा दुसरा प्रश्न.

सर, विद्यार्थिनीचा प्रश्न आधी घेते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच वाटेने जातं. नागपुरात वीसेक वर्षं मी डीएनएवरून सजीवांचं नातं शोधण्याचं काम करते आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात हेच सांगते, की सारखेपणा आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मगर आणि सरडा शेजारी ठेवा. खवले, चार आखूड पाय, लांब शेपूट. कोणीही त्यांना भाऊबंद म्हणेल. पण आज हयात असलेल्या प्राण्यांत मगरीचं सर्वांत जवळचं नातं पक्ष्यांशी आहे. पक्ष्यांच्या वाटेवर बदल अफाट झाले. मगर आणि सरडा यांच्या वाटेवर दिसण्यात तेवढे झाले नाहीत. जे बदललंच नाही ते दोघांत सारखं दिसणारच, आणि ते फार जुन्या पूर्वजाकडून आलेलं असल्यामुळे जवळच्या नात्याबद्दल काहीच सांगत नाही. डीएनएतही काही वंशांत अक्षरं (म्हणजे ए, टी, जी, सी ही त्याची चार रासायनिक एककं) भराभर बदलतात, काहींत सावकाश. नुसत्या टक्केवारीवर विसंबलं तर सावकाश बदलणारे दोन दूरचे वंश शेजारी येऊन बसतात आणि भराभर बदललेला सख्खा भाऊ लांब जाऊन पडतो. माणूस-चिंपांझीच्या बाबतीत टक्केवारीचं उत्तर बरोबर येतं, कारण तिथे बदलांचे वेग बऱ्यापैकी सारखे आहेत. दर वेळी तसं असेल याची खात्री नाही.

मग बघायचं काय? आपल्या विदर्भात महानुभावांच्या हस्तलिखित पोथ्या आहेत, त्यावरून हे चांगलं समजतं. एका ग्रंथाच्या पाच प्रती आपल्यापुढे आहेत आणि मूळ प्रत हरवली आहे, असं धरा. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे शोधायचं आहे. पाचही प्रतींत जिथे मजकूर जुळतो, तिथून काही कळत नाही. तो मुळातूनच सगळ्यांना आलेला आहे. पण उतरवून घेताना कोणाचा तरी डोळा चुकला आणि एक ओळ गळली. तीच ओळ नेमकी दोन प्रतींत गळलेली असेल, तर त्या दोन्ही एकाच सदोष प्रतीवरून आल्या असणार. नातं सांगते ती वाटून घेतलेली चूक. पोथ्यांचे अभ्यासक पाठभेद मांडून हेच करतात, आणि आम्ही डीएनएत हेच करतो. आमच्या भाषेत ती चूक म्हणजे उत्परिवर्तन.

फळ्यावर लिहून दाखवता येईल असं एक छोटं उदाहरण देते. अक्षरं समजावण्यापुरती मी रचलेली आहेत, नातं मात्र खरं आहे.

सिंह: ए टी जी सी ए टी
बिबट्या: ए टी जी सी ए सी
वाघ: ए टी ए सी ए टी
मांजर: ए टी ए टी ए टी

सिंह आणि बिबट्या यांच्यात एका जागी फरक आहे. सिंह आणि वाघ यांच्यातही एकाच जागी. टक्केवारीने पाहिलं तर बरोबरी झाली, निकाल नाही. आता एकेक उभा स्तंभ बघा. पहिला, दुसरा, पाचवा सगळ्यांचा सारखा, म्हणून बाजूला. सहाव्यात फक्त बिबट्या वेगळा. तो बदल त्याच्या एकट्याच्या वाटेवर झाला. चौथ्यात फक्त मांजर वेगळं. उरला तिसरा. सिंह आणि बिबट्याकडे जी, वाघ आणि मांजराकडे ए. मांजर या मोठ्या मार्जारांच्या गटाबाहेरचं आहे हे इतर पुराव्यांवरून आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून ए हे जुनं अक्षर आणि जी हा नंतरचा बदल. तो बदल सिंह आणि बिबट्या यांनी वाटून घेतला आहे, म्हणून ते दोघे वाघापेक्षा एकमेकांना जवळचे. वाघ आणि मांजर यांचं ए जुळतं खरं, पण ती पोथीतली न चुकलेली ओळ आहे.

या उदाहरणातल्या मांजराला आम्ही बाह्यगट म्हणतो. तो नसेल तर झाडाला मूळ मिळत नाही, आणि मूळ नसेल तर जुनं कोणतं, नवं कोणतं हे ठरत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत या गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होतं. आणि झाड वाचताना टोकांचा डावा-उजवा क्रम बघू नये. पाळण्यावर टांगलेलं खेळणं वाऱ्याने फिरतं, तसा प्रत्येक सांधा फिरवता येतो; नातं बदलत नाही. कोणाची फांदी कोणाशी आधी जोडली जाते, तेवढंच बघायचं.

प्रत्यक्षात सहा अक्षरं नसतात, हजारो ते कोट्यवधी असतात, आणि पहिली अडचण स्तंभ जुळवण्याचीच येते. मध्येच अक्षरं गळलेली असतात, कुठे भर पडलेली असते. ती नीट रांगेत लावणं, ज्याला आम्ही अलाइनमेंट म्हणतो, यात चूक झाली तर पुढचं सगळं गणित पाण्यात. शिवाय तुलना त्याच जनुकाची त्याच जनुकाशी व्हायला हवी. मांजरकुळात हा धोका फार जवळचा आहे. पाळीव मांजराच्या तंतुकणिकेतल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या) डीएनएचा जवळपास आठ हजार अक्षरांचा तुकडा कधीकाळी केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसला आणि तिथे त्याच्या अनेक प्रती झाल्या, हे १९९४ साली दाखवलं गेलं. आपल्याला वाटतं आपण तंतुकणिकेचं जनुक वाचतोय, आणि हाती येतो त्याचा केंद्रकातला जुना, सुकलेला तुकडा. वाघ-बिबट्याच्या विष्ठेतून नमुने घेणाऱ्यांना ही काळजी आजही घ्यावी लागते.

दुसरी अडचण गणिताची आहे. डीएनएत अक्षरं चारच. एकाच जागी दोनदा, तीनदा बदल झाला तर आपल्याला शेवटचाच दिसतो, आणि कधी बदल फिरून पहिल्या अक्षरावर आला तर काहीच दिसत नाही. म्हणजे दिसणारा फरक हा झालेल्या बदलांपेक्षा कमीच असतो. ज्यूक्स आणि कँटर यांनी १९६९ साली यासाठी सर्वांत साधं सूत्र दिलं. त्यानुसार १०० जागांत १० फरक दिसले तर प्रत्यक्षात सुमारे ११ बदल झाले. ३० दिसले तर सुमारे ३८. आणि ५० दिसले तर सुमारे ८२. फरक ७५ टक्क्यांच्या जवळ गेला की माहिती संपली असं समजायचं, कारण चार अक्षरांच्या कोणत्याही दोन ओळी नुसत्या योगायोगानेही २५ टक्के जुळतात. आजची सूत्रं याहून बारकाईची आहेत. ए आणि जी, किंवा सी आणि टी, यांच्यातली अदलाबदल जास्त वेळा होते, हे त्यांत धरलेलं असतं. म्हणून फार जुन्या नात्यांसाठी सावकाश बदलणारी जनुकं घेतात. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवरून आर्किया या जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या एकपेशीय सजीवांचा वेगळाच गट दाखवला. तो रेणू प्रत्येक सजीवात असतो आणि फार धिम्या गतीने बदलतो, म्हणूनच ते जमलं.

आता झाड शोधायचं. चार जातींची मूळ नसलेली झाडं तीनच शक्य असतात. पाच जातींची १५. दहा जाती झाल्या की २०,२७,०२५. वीस जातींना हा आकडा २२ वर १९ शून्यांच्या घरात जातो. सगळी झाडं तपासणं कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून एका बऱ्यापैकी झाडापासून सुरुवात करायची, त्याची एक फांदी छाटायची, दुसरीकडे नेऊन जोडायची, आणि झाड सुधारलं का बघायचं. या पद्धतीला छाटणी आणि पुनःकलम असंच नाव आहे. काटोल-नरखेडच्या मुलांना ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

"सुधारलं" हे कशावरून? एक कसोटी अशी, की कमीत कमी बदलांत जे झाड डेटा समजावून देतं ते चांगलं. दुसरी, जी आज जास्त वापरली जाते, संभाव्यतेची: हे झाड आणि बदलांचं हे सूत्र खरं धरलं, तर आपल्या हातातली अक्षरं मिळण्याची शक्यता किती? ज्या झाडाला ती सर्वांत जास्त, ते निवडायचं. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९८१ साली हे गणित संगणकाला पेलेल अशा रीतीने मांडलं. त्याआधी १९७८ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं, की फार वेगाने बदललेल्या दोन लांब फांद्या, नातं नसतानाही, कमीत कमी बदलांच्या पद्धतीत एकमेकींकडे ओढल्या जाऊ शकतात. जास्त डेटा ओतला तर ही चूक कमी होत नाही, उलट जास्त ठाम होते. हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं आणि वर्गात ते जरूर सांगा.

झाडाच्या सांध्यांवर ९५, १०० असे आकडे छापलेले असतात. ते बहुतेक वेळा बूटस्ट्रॅपचे असतात, तेही फेल्सेन्स्टाइन यांचंच, १९८५ सालचं. मूळ स्तंभांतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे स्तंभ निवडायचे, एक स्तंभ पुन्हा आला तरी चालतो, मूळ संख्येइतके झाले की त्यावर झाड काढायचं. असं हजारदा करायचं. ९५० वेळा तो सांधा आला तर आकडा ९५. याचा अर्थ "नातं ९५ टक्के खरं" असा घेऊ नका. आपला डेटा त्या सांध्याबद्दल आपसांत किती एकमताचा आहे, एवढंच तो सांगतो. नमुनाच चुकीचा असेल तर शंभरपैकी शंभर येऊनही झाड चुकीचं असतं. याचा अनुभव पुढे सांगते.

वेळेबद्दल थोडक्यात. बदल साधारण ठरावीक गतीने साठतात, ही रेणू-घड्याळाची कल्पना झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी १९६० च्या दशकात मांडली. पण घड्याळ लावायला एखादी ज्ञात वेळ लागते आणि ती जीवाश्मांतून येते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा हे गाव यासाठी जगभर माहीत आहे. तिथल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी २००५ साली ते प्रसिद्ध केले. डायनोसॉर असतानाच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गवतकुळाच्या अनेक शाखा फुटलेल्या होत्या, हे त्यातून दिसलं. त्याआधी गवतांचं वय बरंच कमी धरलं जात होतं. एका जीवाश्माने अख्ख्या कुळाचं घड्याळ मागे न्यावं लागतं ते असं. मुलांना पिसदुऱ्याला नेता आलं तर न्याच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दोन झाडं वेगळी का?

कारण प्रत्येक जनुकाचं स्वतःचं झाड असतं आणि ते जातीच्या झाडाशी जुळेलच असं नाही. पूर्वजांच्या कळपात एकाच जनुकाचे दोन-तीन प्रकार असतात. जात फुटते तेव्हा कोणाच्या वाट्याला कोणता प्रकार येईल ते ठरलेलं नसतं. वाटणीत आजोबांची घागर धाकट्याकडे जावी आणि थोरल्याकडे चुलत घरातल्यासारखाच तांब्या यावा, तसं होतं. गोरिलाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, २०१२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला जास्त जवळचा आहे, इतका की माणूस आणि चिंपांझी तिथे एकमेकांच्या तेवढे जवळ नाहीत. तरी जातींचं झाड बदलत नाही: माणूस आणि चिंपांझी जवळचे, गोरिला त्यांच्यानंतर. म्हणूनच आज एक जनुक घेऊन कोणी ठाम बोलत नाही, शेकडो-हजारो घेतात आणि त्यांच्यातल्या मतभेदाचाही हिशेब मांडतात.

मतभेदाचं दुसरं कारण संकर. वाघाचा सर्वांत जवळचा नातेवाईक हिमबिबट्या, हे केंद्रकातली जनुकं सांगतात. तंतुकणिकेचा डीएनए मात्र फक्त आईकडून येतो, आणि त्यात हिमबिबट्या सिंहाच्या जवळ जातो. फार पूर्वी या वंशांत संकर झाला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आणि संकर म्हटलं की आपली फळंच. २०१८ साली लिंबूवर्गातल्या ६० प्रकारांचे जीनोम एकत्र अभ्यासले गेले. हा वर्ग हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडून, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून पसरला, असं त्यातून पुढे आलं. आपल्या बाजारातल्या बहुतेक प्रकारांच्या मुळाशी तीन जाती आहेत: पपनस, महाळुंग आणि संत्र्याचा मँडरिन गट. मोसंबी ही पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलेली. तिचं हरितलवक (पानाला हिरवा रंग देणारा, स्वतःचा डीएनए असलेला पेशीतला भाग) पपनसाकडून, म्हणजे आईच्या बाजूने आलेलं आहे. तेव्हा हरितलवकाच्या जनुकावरून झाड काढलं की मोसंबी पपनसाशेजारी बसणार, आणि केंद्रकातल्या एखाद्या जनुकावरून काढलं की ते जनुक मँडरिनकडून आलं असेल तर संत्र्याशेजारी. तुमच्या विद्यार्थ्याने दाखवलेली दोन्ही झाडं आपापल्या जनुकापुरती खरी आहेत. चूक आहे ती दोन आईबाप असलेल्या फळाला एकाच फांदीवर बसवण्यात. तिथे झाड नव्हे, जाळं काढावं लागतं. कागदी लिंबूही संकरच, त्याचा बाप महाळुंग. लागवडीतल्या बहुतेक मँडरिनांतसुद्धा पपनसाचे तुकडे सापडतात. संत्र्याचं शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा, रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. नाव १८३७ सालचं, जनुकं कोणाला माहीत नसतानाचं, पण मला ते फार नेमकं वाटतं.

नमुन्याचा अनुभव आता सांगते. काही वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या बागांतून आम्ही संत्र्याची पानं गोळा केली होती. हरितलवकाच्या जनुकांवरून झाड सुरेख आलं, सगळी संत्री एका झुबक्यात, सांध्यावर १००. मग केंद्रकातली जनुकं वाचली, आणि एका नमुन्यात यंत्राच्या आलेखावर जागोजागी एकाच ठिकाणी दोन शिखरं दिसू लागली, म्हणजे एका जागी दोन अक्षरं. एक अक्षर मँडरिनचं, दुसरं महाळुंगाचं. आठवडाभर आम्ही यंत्र तपासलं, रसायनं बदलली, पुन्हा वाचलं. तेच. शेवटी मी विद्यार्थ्याला घेऊन बागेत गेले. त्याने झाड दाखवलं, ज्या फुटव्यावरून पान तोडलं होतं तोही दाखवला. बागायतदारांनी वाकून त्याचं एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला आणि माझ्या हातावर ठेवलं. "मॅडम, हे संत्रं नाही. खुंटाचा फुटवा आहे हा, जंभेरीचा." पानाला लिंबाचा वास होता, फुटव्याला लांब काटे होते, आणि तो कलमाच्या जोडाच्या चार बोटं खालून निघाला होता.

संत्र्याचं कलम ज्या खुंटावर बांधलेलं होतं ती जंभेरी हा मँडरिन आणि महाळुंग यांचा थेट संकर, आणि त्यात आई मँडरिन. म्हणून हरितलवकाने आम्हाला काही सांगितलंच नाही. आईकडून पाहिलं तर तो नमुना खरोखरच संत्र्यांच्या झुबक्यातला होता. शंभर आकड्याचा तो सांधा मी अजून भिंतीवर लावून ठेवला आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक नमुन्यासोबत झाडाचा फोटो, तोडलेल्या फांदीचा फोटो आणि जोडापासूनची उंची लिहिलेली असते.

वर्गात करून बघायचं असेल तर जेनबँक या खुल्या संग्रहात जनुकांच्या ओळी फुकट मिळतात आणि झाड काढणारं मेगा हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. प्रकाशसंश्लेषणातल्या रुबिस्को या प्रथिनाच्या मोठ्या भागाचं, हरितलवकातलं जनुक घ्या. संत्रं, मोसंबी, पपनस, महाळुंग, बेल, कवठ आणि कढीपत्ता, सगळी एकाच कुळातली आणि मुलांच्या ओळखीची. कढीपत्ता बाह्यगट म्हणून ठेवा. एवढ्या जवळच्या फळांत या जनुकात फरक थोडेच निघतील, त्यामुळे काही सांध्यांवर आकडे कमी येतील. ते का कमी आले हे मुलांनाच शोधू द्या. मग केंद्रकातलं एखादं जनुक घेऊन पुन्हा झाड काढा आणि मोसंबी कुठे सरकते ते बघा.

आणि मुलांना आपल्याच बागेतली पानं आणायची असतील तर आमच्याकडे जरूर पाठवा, आम्ही वाचून देऊ. फक्त पान कलमाच्या जोडाच्या वरून, फळ लागलेल्या फांदीचं तोडायला सांगा, आणि पिशवीत घालण्याआधी एक पान चुरगाळून वास घ्यायला सांगा.